‘भरून पावलो’ लिहून देण्याआधी

खरेदीखतात एक वाक्य ठरलेलं असतं. ‘वर नमूद केलेली संपूर्ण रक्कम आम्हांस तुमच्याकडून भरून पावली, भरण्याबाबत आमची काहीएक तक्रार नाही.’ गेली 31 वर्षं मी हे वाक्य लिहीत आलो आहे. आधी हातानं, मग टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. तालुक्याच्या रजिस्टर ऑफिससमोर माझं टेबल आहे आणि दस्त लिहिणं हा माझा धंदा. लोक मला भाऊसाहेब म्हणतात, कायद्याचा सल्लाही विचारतात. पण मी वकील नाही. दोन्ही बाजूंनी ठरवून आणलेलं मी कागदावर मांडतो. ते विकणाऱ्याच्या हिताचं आहे की नाही, हे तपासणं माझं काम नाही आणि तेवढं माझं शिक्षणही नाही.

म्हणून जमीन विकायला निघालेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, माझ्या टेबलापाशी येण्याआधी स्वतःच्या वकिलाकडे जा. घेणाऱ्याच्या वकिलाकडे नाही, एजंटाच्या ओळखीतल्या वकिलाकडे नाही, स्वतःच्या. आणि जायचं ते इसाराचा पहिला रुपया हातात घेण्याआधी.

आपल्याकडे समज असा आहे की वकील लागतो तो घेणाऱ्याला. पैसे त्याचे जाणार, फसला तर तो फसणार. घेणाराही तसाच वागतो. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध घेतो, पेपरात जाहीर नोटीस देतो, जुने फेरफार काढून बघतो. आणि विकणारा येतो तो सातबारा, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन. ‘जमीन माझी, पैसे घ्यायचे, सही करायची, वकील कशाला?’ हे मी किती जणांकडून ऐकलं असेल!

कशाला, ते सांगतो. सुरतजवळच्या एका शेतजमिनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2009 साली खरेदीखत नोंदवलं गेलं. किंमत 1 कोटी 74 लाख रुपयांच्या वर. ती 36 चेकनी दिल्याचं दस्तात लिहिलेलं. 2013 मध्ये घेणाऱ्यानं जमीन पुढे विकली. 2014 च्या डिसेंबरात मूळ मालक कोर्टात गेले, की आम्हाला फक्त 40,000 रुपये मिळाले, बाकीचे चेक खोटे होते, खरेदीखत रद्द करा. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. पाच वर्षं हे लोक गप्प बसले होते, हे न्यायालयाला पटलं नाही, आणि दावा मुदतीबाहेर ठरला. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्यायालयानं सांगितलं की सगळी किंमत मिळाली नाही हे खरं धरलं, तरी तेवढ्यावरून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही. पैसे राहिले असतील तर पैशांच्या वसुलीचा मार्ग धरा. जमीन गेली ती गेली.

निकाल गुजरातच्या जमिनीचा, पण मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा तोच आणि नोंदणीचा 1908 चा कायदाही तोच. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात विक्रीची व्याख्याच अशी आहे की मोबदला दिलेला असो, द्यायचं वचन असो, किंवा थोडा दिलेला आणि थोडा राहिलेला असो, विक्री ती विक्रीच. नोंदलेल्या खरेदीखतानं मालकी जाते, पैसे खात्यात यायची वाट कायदा बघत बसत नाही. त्यात आपणच ‘भरून पावलो’ लिहून दिलेलं असलं, की वसुलीच्या दाव्यातही आधी आपल्याच सहीशी भांडावं लागतं.

माझ्या टेबलावरचा एक दस्त मी विसरू शकत नाही. एका गावचे सख्खे भाऊ, दोघंही साठीच्या पुढचे. किंमत पाच चेकांत, चेक दोन-दोन महिने पुढच्या तारखांचे. मी वाचून दाखवलं, भरून पावलो. धाकट्यानं विचारलं, ‘पण भाऊसाहेब, अजून पावलो कुठं?’ घेणाऱ्याचा माणूस हसत म्हणाला, ‘तसंच लिहायची पद्धत असते.’ दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कारण पद्धत खरंच तशी होती. तिसरा चेक परत आला. धाकटा बँकेची स्लिप घेऊन माझ्याकडे आला तेव्हा स्लिपवरच्या तारखेला दोन महिने होऊन गेले होते. न वटलेल्या चेकची लेखी मागणीची नोटीस बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते. ती मुदत कधीच टळली होती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगणारा माणूस त्याच्या बाजूनं त्या व्यवहारात एकही नव्हता. मी मान हलवली होती, एवढंच माझ्या वाट्याचं.

वकील असता तर काय झालं असतं? त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं की पैसे हप्त्यानं येणार असतील तर आज खरेदीखत नको, साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करा आणि तो नोंदवा. हप्त्यांच्या तारखा त्यात लिहा, हप्ता चुकला तर काय तेही लिहा. खरेदीखत शेवटच्या हप्त्याला, ताबाही त्याच दिवशी. एकरकमी व्यवहार असेल तर रक्कम आरटीजीएसनं खात्यात आल्याचं बँकेतून बघून मग सही, किंवा डिमांड ड्राफ्टचा नंबर आणि तारीख दस्तात. पुढच्या तारखेच्या चेकवर ‘भरून पावलो’ कुठलाही शहाणा वकील आपल्या पक्षकाराला लिहू देत नाही. घेणारा नाही म्हणाला तर तोही व्यवहार करण्याआधी कळलेला बरा.

आता इसाराबद्दल. लोकांची सगळ्यात मोठी चूक इथं होते, कारण इसार हा सगळ्यांना किरकोळ कागद वाटतो. हॉटेलात बसून, मोटारीच्या बॉनेटवर स्टॅम्प पेपर ठेवून इसारपावत्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. पूर्वी 100 च्या स्टॅम्पवर व्हायच्या, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो, बाकी काही बदललेलं नाही. आणि डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ‘नाही पटलं तर इसार परत करू, फार तर दुप्पट देऊ, मोकळे.’

असं मोकळं होता येत नाही. इसारपावतीत जमीन, किंमत आणि दोघांच्या सह्या असल्या, की घेणारा तुमच्यावर दावा लावू शकतो, की पैसे परत नकोत, ठरल्या किमतीला खरेदीखतच करून द्या. पावती नोंदलेली नसली तरी असा दावा चालतो. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत तो लावता येतो. पूर्वी असा हुकूम द्यायचा की नाही हे बरंचसं न्यायाधीशांच्या विवेकावर होतं. 2018 मध्ये कायदा बदलला आणि आता कराराची पूर्तता करून घेणं हाच मुख्य मार्ग झाला आहे. दावा लागला की तो संपेपर्यंत जमीन अडकली. तोवर रस्ता होतो, भाव चौपट होतो, आणि हातात असते ती इसाराची रक्कम, तीही बहुतेक वेळा खर्चून झालेली. मुलीच्या लग्नासाठी जमीन काढलेल्या माणसाच्या घरचं लग्नकार्य उरकून मुलगी दोन मुलांची आई झाली, तरी कोर्टाच्या तारखा चालू, असं मी जवळून पाहिलं आहे.

म्हणून वकिलाकडे इसाराआधी जायचं. खरेदीखताच्या वेळी गेलात तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. इसारातच सगळं बांधलं गेलेलं असतं.

त्या पहिल्या पावतीबरोबर आणखी एक कागद पुढे येतो, मुखत्यारपत्र. ‘दादा, तुम्हाला तालुक्याला सारखं कशाला हेलपाटे? मोजणी, उतारे, परवानग्या आम्हीच बघतो. फक्त इथं सही करा.’ बोलणं गोड असतं आणि कागद असतो कुलमुखत्यारपत्राचा. त्यात मोजणी असते, उतारे असतात, आणि सातव्या-आठव्या कलमात ‘सदर मिळकत विक्री करणे, खरेदीखतावर सह्या करणे, मोबदला स्वीकारणे’ हेही असतं. हे तुम्ही दिलंत की तुमच्या जमिनीचं खरेदीखत तुमच्या माघारी होऊ शकतं आणि पैसेही तुमच्या वतीनं दुसराच घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये बजावलं आहे की नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. पण मुखत्यारानं नोंदलेलं खरेदीखत करून दिलं तर मालकी जाते. आणि घेणाऱ्यानं पैसे देऊन त्या बदल्यात घेतलेलं मुखत्यारपत्र मनाला येईल तेव्हा रद्दही करता येत नाही. मोजणीसाठी माणूस हवा तर मोजणीपुरतंच मुखत्यारपत्र द्या. ते कसं लिहायचं हे वकील दहा मिनिटांत सांगेल. आणि कोरा कागद, कोरा स्टॅम्प यांवर सही किंवा अंगठा कुणी सख्ख्या भाच्यानं मागितला तरी देऊ नका.

काही जमिनी विकण्याआधी सरकारची परवानगी लागते, आणि ती लागते हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसतं. तीन पिढ्या कसतो आहोत म्हणजे आपलीच, असं वाटतं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर थांबायचं. ती इनामाची असेल, सरकारनं दिलेली असेल, पुनर्वसनाची असेल, किंवा कुळाला मिळालेली असेल. प्रत्येकीचा नियम वेगळा, सरकारला भरायचा नजराणा वेगळा. कूळ कायद्यानं मिळालेल्या जमिनीला 2014 च्या दुरुस्तीनं सवलत मिळाली, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीसपट नजराणा भरून शेतकऱ्याला विकता येते, परवानगीसाठी वर्षभर फिरावं लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे एजंटाला ‘परवानगी काढून देण्याचे’ लाखभर मोजणारे लोक आहेत. नजराणा काही हजारांतही जात नाही पुष्कळदा, कारण आकारच रुपया-दीड रुपया असतो. हा कायदा पश्चिम महाराष्ट्राचा आणि कोकणाचा. मराठवाडा आणि विदर्भाचे कूळ कायदे निरनिराळे आहेत, म्हणून पाव्हण्याच्या अनुभवावर जाऊ नका, आपल्या भागातल्या वकिलाला विचारा.

आदिवासी बांधवांची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याआधी सरकारची मंजुरी. त्याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्यालाही परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘पार्टी पुण्याची आहे, शेतकरी दाखला आहे त्यांचा’ असं एजंट म्हणतो, तो दाखला खरा आहे का ते आपल्या वकिलाला बघू द्या, कारण व्यवहार बेकायदेशीर ठरला तर जमीन सरकारजमा होण्याची वेळ येऊ शकते आणि घेणारा पैशासाठी तुमच्या दारात उभा राहतो. तुकडेबंदीचं तसंच. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलं, शहरालगतच्या भागांसाठी त्यानंतरही बदल झाले. दोन-तीन गुंठे काढून विकायचे असतील तर आजचा नियम काय, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

खरेदीखतात दुसरंही एक वाक्य असतं, ‘भरून पावलो’इतकंच जड. ‘सदरची मिळकत निर्वेध व निजोखमी असून कोणाची तोशीस लागल्यास ती आम्ही व आमचे वालीवारस स्वखर्चाने निवारण करून देऊ.’ विकणारे हे वाक्य ऐकून घेतात, त्यावर कुणी थांबत नाही. त्याचा अर्थ असा की उद्या बहीण आली, चुलता आला, सोसायटीचं जुनं कर्ज निघालं, वाटेचा वाद निघाला, तर खर्च तुमचा, आणि तुमच्यामागं तुमच्या मुलांचा. कायद्यानंही विकणाऱ्यावर जबाबदारी आहे, जमिनीच्या मालकीत जी खोट आपल्याला माहीत आहे ती घेणाऱ्याला सांगितली पाहिजे. वकिलाला सगळं खरं सांगा. तो ते दस्तात अशा रीतीनं आणेल की तुम्ही लपवलं असं कुणाला म्हणता येणार नाही आणि जे तुमच्या हातात नाही त्याची हमीही तुमच्या गळ्यात पडणार नाही.

यातली सगळ्यात नेहमीची तोशीस बहिणींची. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित जमिनीची हिस्सेदार झाली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, तिचा हक्क आहेच. तरी अजून भाऊ येतात आणि म्हणतात, ‘तिचं लग्नात केलंय सगळं.’ लग्नात केलेल्यानं हिस्सा संपत नाही. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावची जमीन विकायची तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आईवडील आहेत म्हणून भागत नाही. वारसांपैकी एकानं आपला हिस्सा परक्याला विकायचा ठरवला तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे, असंही सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं.

बहिणींशी, आयांशी मला वेगळं बोलायचं आहे. ताई, तुम्हाला गाडीत घालून रजिस्टर ऑफिसात आणतात. चहा देतात. कागद पुढे करतात आणि म्हणतात, संमतीची सही आहे नुसती. तो कागद हक्कसोडपत्र आहे का, खरेदीखतात तुम्ही ‘लिहून देणार’ आहात की ‘संमती देणार’, त्यात तुमच्या वाट्याची रक्कम लिहिली आहे का आणि ती कुणाच्या खात्यात जाणार आहे, हे विचारणं म्हणजे माहेर तोडणं नव्हे. हक्क सोडायचा असेल तर आनंदानं सोडा, माणसं सोडतात, मी त्यात वावगं मानत नाही. पण समजून सोडा. आत मशीनसमोर बोट ठेवताना अधिकारी विचारतात, दस्त मान्य आहे का? त्या क्षणी भावाकडे बघून मान हलवणाऱ्या बाया मी रोज बघतो.

आणि तुम्हाला वकिलाचा खर्चही करावा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा 1987 चा कायदा आहे, त्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, आपत्तीत सापडलेल्यांनाही मिळतो, आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या कुणालाही मिळतो. पुष्कळांना वाटतं हे फक्त कोर्टात केस लढायला आहे. तसं नाही, कायदेशीर सल्लाही त्यात येतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज करायचा. फोन करायचा तर 15100.

मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या. नऊवारी, हातात दुधाच्या डेअरीची पिशवी, पिशवीत सगळे कागद. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला. घेणारा बाहेर गाडीत बसून होता. मी मसुदा वाचून दाखवायला लागलो. चतुःसीमा झाली, आणि पुढची ओळ आली, ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’. ही ओळ आम्ही सगळ्याच दस्तांत लिहितो. आजींनी हात वर केला. ‘जल म्हंजे? हीर पन का?’ विहीर त्या विकायच्या तुकड्यात होती आणि त्यांचं राखलेलं अर्धं रान त्याच विहिरीवर भिजत होतं. मसुद्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दल एक अक्षर नव्हतं. मोटारीच्या वीज कनेक्शनबद्दल नव्हतं. मागच्या रानात जायची वाटही विकलेल्या तुकड्यातूनच, तिचाही उल्लेख नाही. खरेदी झाली असती तर त्यांचं उरलेलं रान कोरडंही पडलं असतं आणि कोंडलंही गेलं असतं.

मी कॉम्प्युटर बंद केला. म्हटलं, ‘आजी, हा दस्त आज होत नाही.’ घेणारा आत आला, चिडला. मुहूर्ताचं बोलला, मुद्रांक भरून झाल्याचं बोलला. आजी शांतपणे म्हणाल्या, ‘माझी हीर हाय त्यात.’ मी त्यांना शेजारच्या कोर्टाच्या आवारात घेऊन गेलो. विधी सेवा समितीतून एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी तिथल्या तिथं सातबारा बघून विचारलं, ‘विहिरीची नोंद आहे, पण हिस्सा लिहिलेला नाही, असं का?’ मला इतकी वर्षं कधी हा प्रश्न सुचला नव्हता. पंधरा दिवसांनी नवा मसुदा आला. त्यात आठवड्यातून पाण्याच्या दोन पाळ्या, कनेक्शन दोघांत, दहा फुटांची वाट नकाशावर आखलेली, आणि मोजणी झाल्यावरच खरेदी. घेणाऱ्यानं कुरकुर केली आणि मान्य केलं. व्यवहार त्याच किमतीला झाला. वकील आला की गिऱ्हाईक पळतं असं एजंट सांगतात. ज्याला खरंच जमीन हवी आहे ते गिऱ्हाईक पळत नाही.

पैशांचं बोलायचं राहिलं. दस्तात किंमत कमी दाखवायची आणि वरचे रोख घ्यायचे, ही रीत मोडायला हवी, आणि ती मोडण्यात विकणाऱ्याचाच फायदा आहे. दस्ताबाहेरचे पैसे मिळाले नाहीत तर मागायला कुठला कागद आहे तुमच्याकडे? जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, अगदी इसार म्हणूनसुद्धा, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढा दंड होऊ शकतो. दंड होतो तो घेणाऱ्याला, म्हणजे पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. खेड्यातली शेतजमीन विकली तर साधारणपणे भांडवली नफ्यावर कर बसत नाही. पण ‘खेड्यातली’ कुठली हे नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या अंतरावर ठरतं. शहराच्या लोकसंख्येप्रमाणे 2, 6 किंवा 8 किलोमीटर, आणि तेही रस्त्यानं नव्हे, सरळ रेषेत. तुमचं रान या वर्तुळात येत असेल तर सही करण्याआधी कर सल्लागारालाही भेटा. सरकारी मूल्यांकनापेक्षा फारच कमी किंमत दाखवली तर कर मूल्यांकनावर बसतो, हातात आलेल्या पैशावर नाही.

वकील कसा शोधायचा हे लोक मला विचारतात. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करणारा, तहसील आणि प्रांत ऑफिसात ज्याचं महसुलाचं काम चालतं, असा बघा. फौजदारीत नाव कमावलेला वकील जमिनीच्या कागदांत तितका मुरलेला असेलच असं नाही. पहिला प्रश्न हा विचारा, ‘घेणाऱ्याचं काम तुमच्याकडे आहे का?’ हो म्हणाले तर नमस्कार करून उठा. एका व्यवहारात दोन्ही बाजूंचं हित एकाच माणसानं सांभाळणं होत नाही, तो कितीही सज्जन असो. फी आधी विचारा, तोंडावर विचारा, पावती मागा, यात संकोच नको. आणि वकिलाची फी एजंटाच्या दलालीशी ताडून बघा. जो माणूस व्यवहार लवकर उरकला तरच पैसे कमावतो त्याला आपण किमतीच्या टक्क्यानं मोजतो, आणि जो व्यवहार थांबवायला सांगू शकतो त्याची फी आपल्याला जड होते. हे माझ्या टेबलासमोर मी रोज बघतो आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

वकिलाकडे जाताना ताजा सातबारा न्या, आठ-अ न्या, जुने फेरफार जेवढे मिळतील तेवढे न्या. वाटणीपत्र असेल तर ते, सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला असेल तर तो. घरातल्या सगळ्या वारसांची नावं, वयं, नाती एका कागदावर लिहून न्या, मयत झालेल्यांचीसुद्धा. गेलेल्या आत्याचंही नाव त्यात पाहिजे. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद आपल्या पिशवीत परत ठेवा. आणि खरेदी झाल्यावर दस्ताची एक प्रत आणि सूची क्रमांक 2 चा उतारा तुम्हीही मागून घ्या. विकणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही, आणि दहा वर्षांनी नोटीस आली तर वकील पहिलं तेच मागतो.

रजिस्टर ऑफिस सकाळी उघडतं, पण दस्ताची घाई करू नका. कोर्टाचं आवार आमच्या इथं तरी शेजारीच आहे. आधी तिकडे जाऊन या, मग माझ्याकडे या. मी टेबलावर असतो.